कठड्यावरच्या खाचा

[दृश्य: नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा. विहिरीच्या दगडी कठड्यावर दोराने पडलेल्या खाचा, अगदी जवळून.]

या खाचेत बोट घालून पाहा. पेरभर आत जातं. आमच्या घरच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या दोर ओढला, तेव्हा कुठे दगड एवढा झिजला. आजी त्यातली शेवटची. पाण्याची गुंडी, म्हणजे पितळी घागर, भरली की ती आत डोकावायची आणि उघडे पडलेले दगडांचे थर मोजायची. "चार थर झाले बापा," असं म्हणाली की त्या दिवसापासून अंगण धुणं बंद.

आता वर लोखंडी जाळी आहे. जाळीत निर्माल्याची पिशवी अडकलीय.

[दृश्य: नळ, शेजारी मीटर.]

नागपूरला पाणी येतं पेंचचं आणि कन्हानचं. ते घरोघर पोचवायचं काम 2012 पासून, 25 वर्षांच्या कराराने, ऑरेंज सिटी वॉटर या खासगी कंपनीकडे आहे. त्यावरून पानठेल्यापासून महापालिकेच्या सभागृहापर्यंत भांडणं झाली. व्हायलाच हवीत. पण जमिनीखालचं पाणी त्याच्या कितीतरी आधी खासगी झालं, तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून हेच चालत आलंय: ज्याची जमीन, त्याला खालचं पाणी उपसायची मुभा. ना करार, ना मीटर, ना बिल. रात्री बाजूच्या प्लॉटवर बोअरची गाडी लागते, सकाळी अख्खी गल्ली पांढऱ्या भुकटीने माखलेली. आणि उन्हाळा लागला की आपल्या विहिरीचे दोन थर जास्तीचे उघडे.

[दृश्य: सीताबर्डीची टेकडी, काळा खडक.]

शहराच्या पश्चिमेला हा असा बेसाल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना नीस खडक. दोन्ही टणक. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, नाहीतर खडकाच्या भेगांत. माझ्या विहिरीतली भेग पुढे कुणाच्या बोअरला जाऊन मिळते, ते आखीव पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या मालकीच्या सरकारी कागदावर, लिहिलेलं नसतं. पत्रिकेवर हद्द असते, भेगेला कसली हद्द?

महाराष्ट्राने 2009 मध्ये भूजलाचा कायदा केला. 60 मीटरच्या, म्हणजे साधारण 200 फुटांच्या खाली गेली की ती 'खोल विहीर', आणि अधिसूचित क्षेत्रात नव्या खोल विहिरी रोखायची तरतूद. कायदा लागू व्हायला 2014 उजाडलं. बोअरची गाडी काही तोवर थांबली नव्हती.

[दृश्य: सिमेंट रस्ता, पावसाचं पाणी वाहून जाताना.]

2019 चा जुलै आठवा. पेंचवरचं तोतलाडोह धरण तळाला गेलं आणि शहराला एक दिवसाआड पाणी आलं. मग 23 सप्टेंबर 2023 ची पहाट. काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठी लोकांचे फ्रिज पाण्यावर तरंगले. सगळा दोष रस्त्यांचा नाही. पण रस्ता सिमेंटचा, त्याला लागून पेव्हर ब्लॉक, त्याला लागून फरशीचं अंगण, आणि कडुनिंबाच्या बुंध्यालाही सिमेंटचा गळपट्टा. थेंबाने मुरायचं कुठे?

[दृश्य: गच्चीवरून उतरणारा पाइप, विटा-रेतीची गाळणी.]

आमची गच्ची हजार चौरस फुटांची. नागपुरात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गुणाकार केला तर निघतात 90 हजार लिटरहून जास्त, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर. थोडं वाफेत, थोडं गळतीत गेलं असं धरा. तरी सात-आठ टँकर आपण दरवर्षी गटारात सोडत होतो, आणि मे महिन्यात टँकरवाल्याला फोन लावत होतो! आता पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर काढून देतो, गच्ची धुऊन निघते. पुढचं गाळणीतून विहिरीत.

त्याआधी विहीर उपसावी लागली. तीन दिवस घमेली वर येत होती. काळा गाळ, प्लास्टिक, नारळाच्या शेंड्या, आणि एक चेपलेली पितळी गुंडी. कुणाच्या हातून सुटली होती कोण जाणे.

[दृश्य: सकाळ. आई कठड्यावर वाकलेली.]

आज पाच थर उघडे आहेत. आई खडूने भिंतीवर तारीख आणि आकडा लिहिते.

[दृश्य: कॅमेरा भिंतीवरून पलीकडे.]

पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर बोअरसाठी पाणी शोधणारा पाणाड्या आलाय. तळहातावर नारळ धरून, आमच्या भिंतीच्या अगदी कडेकडेने, हळूहळू चालतोय.