दुसऱ्यांदा तपासलेलं ‘नाही’

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘हजारो संगणकांकडून मोठ्या मूळ संख्यांचा शोध : कामाची वाटणी कशी होते’. वाटणीकडे येतोच. आधी एक गाऱ्हाणं मांडू द्या. ते ऐकल्याशिवाय वाटणीतली खरी गंमत कळायची नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. अंक ४,१०,२४,३२०. बातम्यांत एकच नाव, ल्यूक ड्युरँट. माणूस मोठाच. सतरा देशांतल्या डेटा सेंटरमधले जीपीयू, म्हणजे ग्राफिक्ससाठी बनलेल्या वेगवान चिप, त्याने कामाला लावले. डब्लिनच्या एका जीपीयूने ११ तारखेला ‘बहुधा मूळ’ म्हणून कौल दिला आणि दुसऱ्याच दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या मशीनने तो पक्का केला. सगळं खरं. पण बातमी वाचून आमच्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने मला विचारलं, “काका, म्हणजे बाकीचे सगळे हरले?”

माझं गाऱ्हाणं हेच आहे. बाकीचे हरलेले नाहीत! १९९६ च्या जानेवारीत जॉर्ज वोल्टमन यांनी ‘गिम्प्स’ सुरू केलं, म्हणजे लोकांनी आपापल्या संगणकांवर मिळून अशा संख्या शोधायचा उपक्रम. तेव्हापासून जगभरच्या लोकांनी लाखो घातांक (२ चा कितवा घात घ्यायचा, तो आकडा) तपासून ‘ही संख्या मूळ नाही’ असं कळवलंय. शोधाचा सगळा डोलारा त्या ‘नाही’वर उभा आहे, आणि त्याची बातमी कधी होत नाही.

पुरावा देतो. ऑगस्ट २००८ मध्ये ४,३१,१२,६०९ या घातांकाची मर्सेन मूळ संख्या, म्हणजे ‘२ चा घात वजा १’ या रूपाची मूळ संख्या, सापडली. क्रमाने ४५ वी. दोन आठवड्यांत तिच्याहून लहान एक सापडली. २००९ मध्ये आणखी एक, घातांक ४,२६,४३,८०१, तीही लहानच. झालं, ४५ वी होती ती ४७ वी झाली. म्हणजे ‘कितवी’ हे सांगायचं तर खालचा प्रत्येक घातांक तपासून झालेला हवा, तोही दोनदा. २०१३ मध्ये सापडलेल्या ५,७८,८५,१६१ बद्दल ‘ही ४८ वीच’ असं खात्रीने म्हणता आलं ते २०२१ मध्ये. मधली आठ वर्षं कोणीतरी रोज ‘नाही, नाही’ म्हणत होतं.

मी जन्मभर बँकेत होतो. व्हाउचर करणारा एक, पास करणारा दुसरा. स्वतःचं व्हाउचर स्वतः पास करता येत नाही. इथेही अगदी तेच. (पहिल्या रांगेतले बँकवाले माना डोलावतायत!)

आता माझा आवडता किस्सा. १७ सप्टेंबर २०१५. सेंट्रल मिसूरी विद्यापीठातल्या एका संगणकाने ७,४२,०७,२८१ हा घातांक तपासून ‘मूळ आहे’ असं सर्व्हरला कळवलं. २ कोटी २३ लाखांहून जास्त अंकांची संख्या, तेव्हाचा विश्वविक्रम! सर्व्हरने नोंद केली. अशा वेळी माणसांना ईमेल जायला हवा, तो गेलाच नाही. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या डेटाबेसच्या एका ओळीत पडून होती आणि पृथ्वीवर एकाही माणसाला तिचा पत्ता नव्हता. ७ जानेवारी २०१६ ला देखभालीच्या कामात कोणाचं तरी लक्ष गेलं, आणि शोधाची अधिकृत तारीख तीच धरली. माणसाने पाहिलं तो दिवस. हे मला फार योग्य वाटतं. गणित मशीन करेल, पण ‘कळलं’ म्हणायला माणूस लागतो.

त्याच जानेवारीत याच मंडळींच्या ‘प्राइम नाइन्टीफाइव्ह’ सॉफ्टवेअरमुळे इंटेलच्या स्कायलेक चिपमधला दोष उघडकीस आला. ठरावीक गणित चाललं की मशीन गोठायचं. मुंबईच्या संगणक बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, ज्यांनी मशीन जोडून घेतलंय त्यांना ‘प्राइम नाइन्टीफाइव्ह’ हे नाव माहीत असेल. नवं मशीन तापून बंद पडतं का, हे बघायला तेच लावतात.

कापरेकरांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. देवळालीच्या शाळेतला एक मास्तर वही-पेन्सिल घेऊन ६१७४ पर्यंत पोहोचतो. (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, सगळे अंक सारखे नसतील तर शेवटी ६१७४ च येतो.) हौशी माणसाने गणितात भर घालायची ही परंपरा आपल्या घरची आहे, म्हणून तर…

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, वाटणी.

पूर्वी घातांक ईमेलने वाटले जायचे. १९९७ पासून ‘प्राइमनेट’ सर्व्हर वाटतो. आधी लहान अवयव शोधतात. अवयव सापडला की विषय संपला. नाही सापडला तर मोठी चाचणी. ल्युकास-लेहमर चाचणी घातांक ५ साठी इथेच करू. संख्या ३१. चारपासून सुरू करा, वर्ग करा, दोन वजा करा, ३१ ने भागून बाकी घ्या. १४. पुन्हा, १९४, बाकी ८. पुन्हा, ६२, बाकी शून्य. शून्य आलं, ३१ मूळ. घातांक १३ कोटींचा असेल तर अशा १३ कोटी पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीत चार कोटी अंकांच्या संख्येचा वर्ग. मुंबईच्या मे महिन्यात, पंख्यात धूळ बसलेल्या मशीनवर, एक बिट इकडचा तिकडे झाला तरी उत्तर चुकतं.

म्हणून ताळा. शून्य आलं नाही तर शेवटच्या बाकीचे ६४ बिट, म्हणजे सोळाअंकी खूण, सर्व्हरकडे जाते. दुसरा माणूस तोच घातांक वेगळ्या मांडणीने तपासतो, म्हणजे मधले आकडे वेगळे येतात. दोन्ही खुणा जुळल्या तरच ‘नाही’ पक्कं.

अलीकडे पद्धत बदललीय. रॉबर्ट गेर्बिक्झ यांच्या युक्तीने चाचणी चालू असतानाच चूक पकडली जाते, आणि २०२० पासून चाचणीसोबत पुराव्याची फाइल जाते. दुसऱ्या मशीनने ती पडताळायची. पूर्ण चाचणी पुन्हा करण्याच्या मानाने हे काम किरकोळ. दुसरा माणूस मात्र अजूनही लागतोच.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना एवढंच सांगतो. लॅपटॉपवर नको, पंखा साफ केलेल्या डेस्कटॉपवर करा. पहिलं काम जुन्या घातांकाच्या फेरतपासणीचं मागा. तुमचं मशीन भरवशाचं आहे की नाही ते त्यातच कळेल. आणि काम जमत नाहीसं दिसलं तर घातांक अडवून ठेवू नका. परत करा, सर्व्हर तो दुसऱ्याला देईल.