कोयनेचं खोरं: दोन समुद्रांच्या सीमेवर

(दृश्य: वासोटा किल्ल्याचा बाबूकडा, खाली कोकण)

पुढ्यात कोकण, पाठीशी कोयनेचं खोरं. या धारेच्या पश्चिमेला पडलेला पाऊस शंभर किलोमीटरच्या आत अरबी समुद्र गाठतो. पूर्वेला पडलेला कोयनेतून कृष्णेत जातो आणि पार आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतो. निदान निसर्गाचा हिशेब तरी असाच होता.

(दृश्य: आकाशातून खोरं)

घाटमाथ्यावरच्या बहुतेक नद्या उगमापासूनच पूर्वेची वाट धरतात. महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना मात्र साठेक किलोमीटर सह्याद्रीला बिलगून दक्षिणेकडे जाते. हेळवाकजवळ ती काटकोनात वळते आणि कराडला कृष्णेला अगदी समोरासमोर भिडते.

डोंगराच्या या पायऱ्या म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. कठीण थराचा कडा उरतो, मऊ थर झिजून उतार होतो. माती साठते ती उतारावर, म्हणून जंगलही तिथेच. माथ्यावर जांभ्याचे उघडे सडे, म्हणजे सपाट कातळ. पावसाळ्यात तिथे गवत आणि फुलं, एरवी नुसता तापलेला दगड.

(दृश्य: जंगलाच्या आत)

अंजनी, जांभूळ, पिसा. सदाहरित म्हटलं की आभाळाला टेकलेली झाडं डोळ्यांसमोर येतात, पण इथली त्यामानाने बुटकी. पाऊस चार महिन्यांत पाच हजार मिलिमीटरच्या घरात, पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे. ते निभवायचं तर ओल धरणारी घळच हवी. मोकळ्या उतारांवर कारवीची झुडपं माजतात. कारवी फुलते साधारण सात वर्षांनी एकदा. पूर्वेकडे पाऊस झपाट्याने घटतो. याच सातारा जिल्ह्यातल्या माणदेशात तो जेमतेम पाचशे मिलिमीटर.

(दृश्य: शिवसागर जलाशय)

१९६०च्या दशकात हेळवाकजवळ कोयनेवर १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं. गावं बुडाली, माणसं उठली. त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अजूनही पुरता सुटलेला नाही. जलाशयाने पलीकडे जायच्या वाटा तुटल्या; तिथलं जंगल टिकलं त्याला हेही एक कारण आहे, हे कबूल करावंच लागतं. आज ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं.

आणि हिशेब बदलला तो इथे. जलाशयाचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला नेलं, साडेचारशे मीटरहून अधिक खाली सोडून त्यावर वीज केली. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने या वळवण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. डोंगरापलीकडच्या पोफळीला जनित्रं फिरवून सुटलेलं पाणी कोकणातल्या वाशिष्ठी नदीत येतं. चिपळूणला ऐन मे महिन्यात नदी वाहती दिसते, ती मुख्यतः या पाण्यामुळे; वीजनिर्मिती थांबली की तिची पातळी लगेच उतरते.