सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी

(दृश्य : पहाट. केळीच्या बागेतून खांद्यावर घड घेऊन निघालेले मजूर.)

आखातात जमिनीखालून तेल निघालं आणि वाळवंटात शहरं उभी राहिली. आपल्या खानदेशात, रावेर-यावलच्या पट्ट्यात, जमिनीखालून पाणी निघालं आणि केळी उभी राहिली. तुलना ओढूनताणून केलेली वाटेल. पण 2021च्या जूनमध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची 22 टन केळी दुबईला रवाना झाली, तेव्हा ही दोन टोकं एका कंटेनरनं जोडली.

पाणी इथंच का? सातपुड्यावरून उतरणाऱ्या नाल्यांनी हजारो वर्षं दगडगोटे आणि वाळू पायथ्याशी आणून टाकली. याला बझाडा म्हणतात. पावसाचं पाणी या गोट्यांतून थेट खोल मुरतं. त्यावर विहिरी झाल्या, विहिरींवर बागा. कंद लावायचे, पाटानं पाणी द्यायचं आणि घडाची दीड वर्ष वाट बघायची. माल सावद्याच्या स्टेशनातून वॅगन भरून दिल्लीला जायचा.

मग ठिबक आलं. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी 1963 मध्ये जळगावात 7,000 रुपयांच्या भांडवलावर हातगाडीवरून रॉकेल विकायला सुरुवात केली होती. म्हणजे तेल आपल्याही गोष्टीत आहेच! पुढे त्यांच्याच कंपनीच्या ठिबकच्या नळ्या आणि ग्रँड नैन या केळीच्या जातीची टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं बागांत पोचली. दीड वर्षाचं पीक वर्षाच्या आत हाती येऊ लागलं. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली मृगबाग असो की पावसाळ्यानंतर लावलेली कांदेबाग, गावातला सकाळचा प्रश्न एकच : बऱ्हाणपूरच्या केळीबाजाराचा भाव काय निघाला? 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

(दृश्य : वादळानं आडवी झालेली बाग.)

मे-जूनचं एखादं वादळ ही सगळी श्रीमंती अर्ध्या तासात झोपवतं. हरण्या हा विषाणूचा रोग आला, तर रोपं उपटून बांधावर फेकावी लागतात. या दुखण्यांची निदान ओरड तरी होते.

पाणी मात्र गुपचूप खाली जातंय. ठिबकनं झाडामागचं पाणी वाचवलं, हे खरंच. पण इथं बाग एकरात नाही, खोडांत मोजतात. आणि वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी खोडं लावली. विहिरी आटल्या, बोअर आले. भूजलाच्या सरकारी नोंदींत यावल आणि रावेर आता अतिशोषित, म्हणजे मुरतं त्याहून जास्त पाणी उपसणारे, तालुके आहेत.

(दृश्य : रात्र. शेतात बोअरची गाडी, वर उडणारी कोरडी धूळ.)

हल्ली पारावर भावाआधी दुसराच प्रश्न येतो : तुझ्या बोअरला पाणी किती फुटांवर लागलं?