चुंबळीवर ठेवलेलं सभागृह

मंडळी, नमस्कार. आत्ता माझी ओळख ‘ध्वनितज्ज्ञ’ अशी करून दिली. तसलं काही नाही. मी माईकवाला. गेली बत्तीस वर्षं पुण्यातल्या नाट्यगृहांत, मंगल कार्यालयांत आणि मांडवांत ‘हॅलो, हॅलो, चेक’ म्हणत हिंडतोय. त्यामुळे आज एका इमारतीबद्दल बोलायचं असलं, तरी मी कानानंच बोलणार.

माझी भाची जर्मनीत हॅम्बुर्गला असते. गेल्या वर्षी तिच्याकडे गेलो, तेव्हा ती म्हणाली, “मामा, तुला चर्चं-बिर्चं नकोत. तुला एक हॉल दाखवते.” तो हा एल्बफिलहार्मोनी, वाद्यवृंदाच्या मैफलींचं सभागृह.

नदीत शिरलेल्या जमिनीच्या टोकाला, तीन बाजूंनी पाणी. खाली लालसर विटांचं धिप्पाड गोदाम, 1960 च्या दशकातलं. कोको, चहा, तंबाखू ठेवायचे त्यात. त्या गोदामाच्या डोक्यावर काचेची आख्खी दुसरी इमारत, आणि तिचं छप्पर लाटेसारखं वरखाली झालेलं. सगळं मिळून 110 मीटर. मी पुणेकर, माझ्या मनात पहिला विचार आला तो सौंदर्याचा नव्हे: याला परवानगी कुणी दिली?

दिली होती, आणि पुढं पस्तावलेही होते. हर्झोग आणि द म्युराँ या स्विस वास्तुकारांचं हे काम. 2007 मध्ये बांधायला घेतलं, 2010 ला उघडायचं होतं, उघडलं 11 जानेवारी 2017 ला. शहराच्या तिजोरीतून आधी 7 कोटी 70 लाख युरो जाणार होते, ते झाले 78 कोटी 90 लाख. (हशा) हसू नका, आपल्याला हसायचा अधिकार नाही.

आत शिरलात की सरकता जिना लागतो. जवळजवळ ऐंशी मीटर लांब, आणि मधेच पोट आल्यासारखा वाकलेला. त्यामुळे खालून वरचं टोक दिसत नाही. वर पोचलो की 37 मीटरवर एक उघडा सज्जा, इमारतीला वळसा घालणारा. तिथं वारा असा, की भाचीनं माझी टोपी स्वतःच्या पिशवीत टाकली. खाली बंदर. तेवढ्यात एका जहाजानं भोंगा दिला, आणि माझ्या पोटातला कॉफीचा कप हलला म्हणा ना! फोटो काढणारे काढत होते. मी मात्र अस्वस्थ. कारण ज्या इमारतीच्या पायाशी असले भोंगे वाजतात, तिच्या पोटात व्हायोलिन कसं ऐकवणार? आमच्याकडे शेजारच्या रस्त्यावर रिक्षा सुरू झाली तरी विलंबित ख्यालाची वाट लागते.

याचं उत्तर तबल्यात आहे. तबला आपण कधी थेट जमिनीवर ठेवत नाही. खाली चुंबळ असते. त्यामुळे तबला मोकळा बोलतो, आणि शेजारी कुणी पाय आपटला तर तो धक्काही तबल्यापर्यंत येत नाही. या लोकांनी आख्खं सभागृह चुंबळीवर ठेवलंय. पेटीत पेटी असावी तसं मोठं सभागृह बाहेरच्या इमारतीच्या आत, पण तिच्यापासून सुटं आहे. साडेबारा हजार टन वजन, आणि ते 362 स्प्रिंगांच्या संचांवर टेकलेलं. बाहेरचा भोंगा बाहेरच्या भिंतीला हलवतो, आणि तिथंच संपतो. लाटेसारखं छप्पर पोस्टकार्डावर येतं, स्प्रिंगा कुणाला दिसत नाहीत. पण खरं धाडस मला विचाराल तर तिथं आहे. शांतता विकत घ्यायला एवढा खर्च करणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

आत गेल्यावर मी सगळ्यात आधी भिंतीला हात लावला. धंद्याची सवय. गुळगुळीत भिंत म्हणजे आमचा शत्रू, ती आवाज चेंडूसारखा परत फेकते. इथली भिंत हाताला लागली ती वाळूवर लाटा ओसरल्यावर राहतात तशी, खळगे आणि उंचवटे. जिप्समचे सुमारे दहा हजार तुकडे, यंत्रानं कोरलेले, आणि कुठलेही दोन सारखे नाहीत. आवाज त्यावर आपटला की फुटून चहूकडे पसरतो. यासुहिसा तोयोता या जपानी माणसानं हे ध्वनीचं गणित बसवलं. आधी एक दशांश आकाराची प्रतिकृती करून तिच्यात आवाज सोडून पाहिला, श्रोते म्हणून फेल्टच्या बाहुल्या बसवल्या. बाहुल्या खोकत नाहीत, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नसावं.

कारण खोकलो मी. म्हणजे खोकला येईल असं वाटलं, म्हणून खिशातून गोळी काढली. वाजत होती ब्रह्म्स या संगीतकाराची पहिली सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची चार भागांची रचना. ब्रह्म्स याच गावचा, 1833 चा जन्म. चौथ्या भागाच्या सुरुवातीला सगळे व्हायोलिनवाले गज न वापरता बोटांनी तारा छेडतात, अगदी दबकत. नेमका तिथं मी गोळीचा कागद उलगडला. मंडळी, तो कागद मला स्वतःला वाद्यवृंदाच्या पलीकडून ऐकू आला! समोरच्या बाजूच्या एका बाईंनी थेट माझ्याकडे पाहिलं. मग ती गोळी अर्धी उघडी, सिंफनी संपेपर्यंत मुठीत.

समोरच्या बाजूच्या, असं म्हणालो, कारण तिथं श्रोते चारी बाजूंना बसतात. 2100 जागा, पण वाद्यवृंदाला हातानं खुणा करणाऱ्या संचालकापासून तीस मीटरच्या पलीकडे कुणी नाही. ही कल्पना त्यांची नव्हे. हान्स शारून या वास्तुकारानं बर्लिनच्या फिलहार्मोनी सभागृहात 1963 मध्येच ती मांडली: वाजवणारे मध्ये, ऐकणारे भोवती. म्हणजे आपली बैठकच की! गाणाऱ्याच्या पाठीमागं तानपुरेवाला, बाजूला दोन म्हातारे जाणकार, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर दाद दिसते. अर्थात बैठकीतही गायकाच्या पाठीशी बसलेल्याला कमीच ऐकू येतं, आणि हॅम्बुर्गलाही तेच झालं. जानेवारी 2019 मध्ये एका नामवंत गायकाच्या कार्यक्रमात ‘ऐकू येत नाही’ म्हणून लोकांनी आरडाओरडा केला. गळा एकाच दिशेला असतो, त्याला वास्तुकार काय करणार?

मला विचारतात, असं आपल्याकडे हवं का? जसंच्या तसं नको. वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या आसपास घुमणारा आवाज मानवतो, त्यात आपली द्रुत तान टाका, सगळे स्वर एकमेकांवर चढतील. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचं टाटा थिएटर 1980 मध्ये झालं, तिथं सिरिल हॅरिस या ध्वनितज्ज्ञांनी माईकशिवाय ऐकू यावं याच हिशेबानं काम केलं होतं. आपलं बालगंधर्व 1968 चं, पण ते मुळात नाटकाचं घर.

आमचा अनुभव वेगळाच. एका सभागृहात, नाव नको, मारव्याची आलापी चालली होती आणि वातानुकूलन यंत्राचा घुं असा स्वर बरोबर कोमल रिषभाच्या खाली लागला होता. बुवा मला खुणेनं म्हणतात, तानपुरा वाढव. मी वाढवला. मागचे म्हणाले, आवाज वाढवा. वाढवला. शेवटी माईकनं शिट्टी मारली, आणि दोष अर्थातच माईकवाल्याचा.

बरं, वेळ झालीय. आता मी हा माईक बंद करतो आणि अगदी नेहमीच्या आवाजात एक वाक्य बोलतो. शेवटच्या रांगेतल्या काकांनी सांगावं, ऐकू येतंय का.

(मागून: “येतंय हो! पण आधी तो पंखा बंद करा.”)