प्रतिवादी जगेल तोवर : पास्टन घराण्याची जमीन

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'पंधराव्या शतकातला इंग्रज जमीनदार : जॉन पास्टन, त्याची जमीन आणि कायदा'. विषय मीच दिला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. उभा जन्म दिवाणी कोर्टात गेलेला माणूस इतिहासावर बोलायला उभा राहिला की फिरून फिरून जमिनीवरच येणार, हे तुम्ही ओळखलं असेलच. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वेळ अपुरा पडला तरी कुणी फसवणुकीचा दावा लावणार नाही. पास्टन घराण्याने जमीन राखली ती कोर्टात जिंकून नव्हे, तर प्रतिवाद्यांपेक्षा जास्त दिवस जगून. हे आज सिद्ध करायचंय. पण त्याआधी एक गाऱ्हाणं.

फेब्रुवारी आला की या घराण्यातलं एक पत्र दरवर्षी वर्तमानपत्रांत फिरतं. इंग्रजीतलं सगळ्यात जुनं शिल्लक राहिलेलं व्हॅलेंटाइनचं पत्र, 1477 सालचं. मार्जरी ब्रूज नावाच्या मुलीने आपल्या होणाऱ्या नवऱ्याला, धाकट्या जॉन पास्टनला पाठवलेलं. झालं! हजाराहून जास्त पत्रं आणि कागद मागे ठेवून गेलेलं हे घराणं लोकांना माहीत काय म्हणून, तर गुलाबाच्या फुलाशेजारी छापायला बरं म्हणून. अहो, ते पत्र नीट वाचा की! त्यात अडलंय काय? हुंडा. बाप ठरल्याहून जास्त द्यायला तयार नाही, आई गळ घालून थकली, आणि मुलगी लिहिते की तुमचं माझ्यावर प्रेम असेल तर एवढ्यासाठी मला सोडणार नाही. शिवाय हे पत्र तिने बापाच्या कारकुनाकडून लिहून घेतलंय. म्हणजे प्रेमाची कबुली तिसऱ्या माणसाच्या अक्षरात. आमच्या धंद्यात याला वाटाघाटीचा मसुदा म्हणतात. लग्न झालं, चांगलं झालं, माझा काही आक्षेप नाही. पण बाकीच्या हजार कागदांनी काय घोडं मारलं होतं?

हे कागद वाचले कसे, तीही एक गंमत. घराण्याचं ऑक्सनेडचं घर अठराव्या शतकात मोडीत निघालं, दस्तऐवजांच्या पेट्या विकल्या गेल्या, हात बदलत बदलत त्या जॉन फेन नावाच्या गृहस्थाकडे आल्या. त्याने 1787 साली पत्रं छापली आणि मूळ कागद तिसऱ्या जॉर्ज राजाला भेट दिले. बदल्यात 'सर' झाला. आणि राजाकडे गेलेले कागद? गायब. शंभर वर्षं पत्ता नाही! काही लोक तर म्हणायला लागले की ही पत्रं मुळात खरी होती का. शेवटी 1889 साली सफोकमधल्या एका खाजगी वाड्यात सापडली. इथे ग्रंथालयाचे पदाधिकारी बसलेत, म्हणून मुद्दाम सांगतो. पुस्तक नेऊन परत न करणाऱ्या सभासदांवर फार रागावू नका, परंपरा मोठी आहे.

बरं. घराणं कुठलं? इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा नॉरफोक परगणा, त्यातलं पास्टन गाव. मूळ पुरुष क्लेमंट पास्टन, मृत्यू 1419. पुढे या घराण्याच्या एका वैऱ्याने कागद केलाय, त्यात म्हटलंय की क्लेमंट हा साधा नांगरधारी, शे-सव्वाशे एकराचा धनी, दळणाचं पोतं घोड्यावर टाकून त्यावरच बसून गिरणीला जायचा, आणि त्याची बायको तर वेठीच्या कुळातली. वैऱ्याचं लिहिणं आहे, तेव्हा मीठमसाला धरून चला. पण एवढं खरं की क्लेमंटने मेव्हण्याच्या मदतीने मुलाला शिकवलं. हा मुलगा विल्यम कायदा शिकला, न्यायाधीश झाला, आणि मिळालेला पैसा त्याने जमिनीत घातला. मोठ्या घरची अॅग्नेस त्याला बायको मिळाली. त्यांचा मुलगा जॉन, 1421 चा जन्म. हाही वकील, आणि हाच आपला आजचा अशील. जॉनला मुलं झाली, त्यांतल्या पहिल्या दोघांची नावं जॉन आणि जॉन. हसू नका, दोघेही जिवंत, दोघेही एका घरात, आणि अभ्यासक आजतागायत कपाळाला हात लावून बसलेत. मी बापाला नुसतं जॉन म्हणेन, मुलांना थोरला आणि धाकटा.

जॉनची बायको मार्गारेट. जॉन आयुष्यभर लंडनला, कोर्टाच्या दारात. नॉरफोकमधली शेतं, खंड, भांडणं, मुलं हे सगळं हिच्या अंगावर. ती पत्रं सांगायची, घरचे कारकून लिहून घ्यायचे. 1448 सालचं तिचं एक पत्र बघा. ग्रेशमचा वाडा जॉनच्या बापाने रीतसर विकत घेतलेला. लॉर्ड मोलिन्स नावाच्या तरुण सरदाराने हक्क सांगितला आणि माणसं घालून ताबाच घेतला. मार्गारेट शेजारच्या घरात ठाण मांडून बसली. तिथून नवऱ्याला लिहिते की आडवी धनुष्यं पाठवा, ती ताणायची यंत्रं पाठवा, बाण पाठवा. इथली घरं इतकी बुटकी आहेत की आतून लांब धनुष्य चालवता येत नाही. शत्रूच्या माणसांनी दारांना आडणे कसे लावलेत, भिंतीला भोकं कुठे पाडलीत, हेही त्यात आहे. आणि त्याच पत्रात, त्याच दमात, एक पौंड बदाम, एक पौंड साखर, आणि पोरांच्या झग्यांसाठी जाडंभरडं कापड. हत्यारांची यादी आणि वाणसामानाची यादी एकाच कागदावर! नवऱ्याने त्यातलं काय पाठवलं नि काय विसरला, याचा अंदाज ज्याने त्याने आपापल्या घरावरून बांधावा.

1450 च्या जानेवारीत मोलिन्सची माणसं चालून आली. जॉनच्या अर्जात आकडा हजाराचा आहे; अर्जातले आकडे कसे येतात ते मला माहीत आहे, पण माणसं भरपूर होती. मार्गारेट ज्या खोलीत होती तिची भिंत खालून पोखरली, तिला उचलून फाटकाबाहेर काढलं, आणि घर लुटलं.

आता मी जी गोष्ट सांगणार आहे ती विषयाला सोडून आहे असं काहींना वाटेल. वाटू दे. साल 1469. जॉनला जाऊन तीन वर्षं झाली आहेत. केस्टर नावाचा किल्लावजा वाडा घराण्याच्या ताब्यात आहे, आणि नॉरफोकच्या ड्यूकने तोफा आणून त्याला वेढा घातलाय. का घातला, ते नंतर. आत धाकटा जॉन जेमतेम तीसेक माणसं घेऊन लढतोय. बाहेर सगळं घर हवालदिल. आणि नेमकं याच वेळी कळतं की घरातली मुलगी मार्जरी हिने रिचर्ड कॅलशी लग्न लावलंय. (ही मार्जरी वेगळी बरं का, ही व्हॅलेंटाइनवाली नव्हे. इंग्रजांकडे नावांचा दुष्काळच होता.)

कॅल कोण? पास्टनांचा दिवाणजी. खंड वसूल करणारा, हिशेब ठेवणारा, मार्गारेटची पत्रं लिहून घेणाऱ्यांपैकी एक. घरचा सगळ्यात विश्वासू माणूस. मालकाने दिवाणजीवर विश्वास टाकला की काय होतं, यावर मी पुष्कळ बोलू शकेन, पण नको. दोघांनी एकमेकांना, साक्षीदार नाही, पाद्री नाही, नुसतं 'मी तुला वरलं' एवढं म्हटलेलं. आणि तेव्हाच्या चर्चच्या कायद्याने एवढं पुरे होतं! वर्तमानकाळात उच्चारलेला शब्द, दोघंही मोकळे, झालं लग्न. घरच्यांनी दोघांना वेगळं ठेवलं, धाकदपटशा केला. कॅलने तिला लिहिलेलं एक पत्र उरलंय. त्यात शेवटी तो विनवतो की हे वाचलंस की जाळून टाक. ते आज पाचशे वर्षांनी आपण वाचतोय, म्हणजे तिने किती ऐकलं बघा. की ते तिच्या हाती पडलंच नाही? घरच्यांच्या पेटीत सापडलंय ते, यावरून तुम्हीच ठरवा.

प्रकरण नॉरिचच्या बिशपपुढे गेलं. आई आणि आजी आधीच जाऊन त्याच्या कानावर घालून आल्या. बिशपने मुलीला समोर उभं केलं, कुळाची, नातेवाइकांची आठवण दिली, आणि विचारलं, तू नेमके कुठले शब्द बोललीस ते सांग. मी अनेक उलटतपासण्या ऐकल्यात. साक्षीदाराला पळवाट दाखवायची पद्धत असते ती ही. शब्द जरा इकडेतिकडे झाले असं म्हणाली असती तरी सुटली असती. ती काय म्हणाली? बोललेले शब्द जसेच्या तसे सांगितले, आणि वर म्हणाली की एवढ्याने बंधन पक्कं होत नसेल तर इथून जाण्याआधी मी ते आणखी पक्कं करते! मग कॅलला वेगळा बोलावून तेच विचारलं. दोघांच्या जबान्या जुळल्या. बिशपचा नाइलाज.

मुलगी घरी परतली तर आईने निरोप ठेवलेला, दार उघडायचं नाही. बिशपलाच तिची सोय दुसऱ्याच्या घरी करावी लागली. मार्गारेट थोरल्याला लिहिते की आपण एक टाकाऊ पोर गमावली, एवढंच. मनाला लावून घेऊ नकोस. आणि जवळपास त्याच आठवड्यातल्या तिच्या दुसऱ्या पत्रात, केस्टरमध्ये दारूगोळा संपलाय, बाण संपलेत, अन्न नाही, तुझा भाऊ मरेल, काहीतरी कर. एकीकडे किल्ला, एकीकडे पोरगी, आणि थोरले चिरंजीव लंडनला. आता या बाईला कठोर म्हणायचं की नाही, तुम्ही बघा. मला तिचा राग येतो, आणि ती माझी अशील असती तर मी तिचं वकीलपत्र डोळे झाकून घेतलं असतं.

पण मजा वाटते धाकट्या जॉनची. कॅलचे घरचे लोक फ्रॅमलिंगहॅमचे, दुकानदार. धाकटा लिहितो की बाप जिवंत असता आणि त्याने होकार दिला असता, आईने दिला असता, तरी माझ्या बहिणीने फ्रॅमलिंगहॅमला मेणबत्त्या आणि मोहरी विकावी याला माझी संमती मिळाली नसती. पणजोबा दळणाच्या पोत्यावर बसून गिरणीला जात होता म्हणतात, आणि पणतू मोहरीला नाक मुरडतो! या दोहोंच्या मध्ये काय झालं होतं, तर 1466 साली राजा चौथ्या एडवर्डकडून घराण्याने दाखला मिळवला होता, की पास्टन हे पुरातन काळापासून खानदानी. राजाचा शिक्का. विषय संपला. कॅल मात्र पुढे पुन्हा याच घराचा दिवाणजी म्हणून दिसतो, कारण हिशेब दुसऱ्या कुणाला कळेनात. आणि मार्गारेटने मृत्युपत्रात मार्जरीच्या थोरल्या मुलाला 20 पौंड ठेवले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं.' म्हणजे आता व्याख्यान सुरू करायला हवं.

तर भराभर. केस्टर कुणाचं? सर जॉन फास्टोल्फ नावाच्या श्रीमंत, निपुत्रिक म्हाताऱ्या सेनानीचं. फ्रान्सच्या लढाईत त्याने पैसा केला. जॉन त्याचा सल्लागार. फास्टोल्फ 1459 च्या नोव्हेंबरात वारला, आणि जॉनने तोंडी मृत्युपत्र पुढे केलं, मरणाच्या दोन दिवस आधीचं: नॉरफोक-सफोकमधली सगळी जमीन जॉनला, अट एवढीच की केस्टरला धर्मसंस्था काढायची आणि ठरलेली रक्कम भरायची. दोन दिवस आधी, तोंडी, लाभार्थी स्वतः वकील! हे मृत्युपत्र माझ्यापुढे आलं असतं तर मीही भुवई वर केली असती.

आता कायद्याची मेख. तिथल्या कायद्यात जमीन मृत्युपत्राने सरळ देता येत नसे. म्हणून मालक हयातीतच ती विश्वासातल्या चार-दहा जणांच्या नावावर करी, आणि माझ्यामागे अमक्याला द्या असं सांगून ठेवी. नाव सातबाऱ्यावर एकाचं, पीक खाणारा दुसरा, असं म्हणा. फास्टोल्फचे हे विश्वस्त एकमेकांशी भांडले. काही जॉनच्या बाजूचे, काही विरुद्ध. विरुद्ध बाजूच्यांनी 1468 साली केस्टर सरळ नॉरफोकच्या ड्यूकला विकून टाकलं. त्यांच्या मते ते विकायला मोकळे होते. म्हणून तो वेढा. दुसरीकडे सफोकच्या ड्यूकने फास्टोल्फच्याच जमिनींपैकी हेल्सडनवर दावा सांगून 1465 साली वाडा पाडला, चर्चसुद्धा लुटलं. जॉन तेव्हा लंडनच्या फ्लीट तुरुंगात होता. तीनदा जाऊन आला तो. 1466 च्या मेमध्ये लंडनला वारला. ब्रॉमहोमच्या मठात पुरला. मशालींचा धूर बाहेर जावा म्हणून चर्चच्या खिडकीच्या दोन काचा काढून पुन्हा बसवल्या, त्याचे 20 पेन्स, एवढा हिशेब आहे. पण थडगं? मार्गारेट वर्षानुवर्षं थोरल्याला लिहिते आहे की बापाचं थडगं झालं नाही, गावभर बोललं जातं. बाप जमिनीसाठी मेला आणि मुलाला दगड परवडेना.

आता माझा मुद्दा. किती दावे जिंकले, मोजा. केस्टर 1469 च्या सप्टेंबरात पडलं, कारण राजा एडवर्डच तेव्हा वॉरिक नावाच्या बंडखोर सरदाराच्या कैदेत होता. दाद मागायची कुणाकडे? 1471 साली गादीसाठीच्या यादवीत, बार्नेटच्या लढाईत, दोघे भाऊ राजा एडवर्डविरुद्ध, हरणाऱ्या बाजूने लढले, धाकट्याच्या हातात बाण घुसला. बाजू चुकली, तरी माफी मिळाली. मग केस्टर परत आलं कसं? 1476 च्या जानेवारीत ड्यूक अचानक वारला. वय 31, मुलगा नाही. त्या वर्षी वाडा पास्टनांकडे. मोलिन्सचंही तसंच: 1453 ला फ्रान्समध्ये कैद, पुढे 1464 ला शिरच्छेद. थोरला जॉन 1479 ला, अविवाहित गेला. वारस धाकटा. त्याला 1485 साली नव्या नॉरफोकच्या ड्यूकचं पत्र आलं, राजा तिसऱ्या रिचर्डसाठी माणसं घेऊन या. तो गेला नाही. ड्यूक बॉसवर्थच्या लढाईत मेला, रिचर्ड मेला, आणि धाकटा त्याच वर्षी नॉरफोक-सफोकचा शेरीफ झाला, पुढे 'सर' झाला. 1504 पर्यंत जगला. हाच तो, ज्याला मोहरी चालत नव्हती.

दुसरी चिठ्ठी. एक वाक्य, अध्यक्षमहाराज. पुढे घराणं अर्लपदापर्यंत चढलं, आणि 1732 साली शेवटचा अर्ल डोक्यावर कर्ज ठेवून, मुलगा मागे न ठेवता वारला. जमीन देणेकऱ्यांत गेली आणि कागदांच्या त्या पेट्या विक्रीला निघाल्या. प्रश्न असतील तर खाली चहाला घ्या.