पंधरा वर्षांच्या वाचकासाठी इंग्रजी कादंबरी

श्रोतेहो, नमस्कार.

दहावीची परीक्षा संपली, की सोलापुरातल्या पुस्तकांच्या दुकानांत आणि वाचनालयांत एक ठरावीक विनंती कानावर येऊ लागते. ‘मुलाचं इंग्रजी सुधारायचं आहे, एखादी चांगली कादंबरी सुचवा.’ विचारणारे पालक बहुधा मराठी माध्यमात शिकलेले असतात, मुलगा किंवा मुलगी सेमी इंग्रजीत असते, आणि ‘चांगली’ या शब्दाचा त्यांच्या मनातला अर्थ ‘थोर’ असा असतो. इंग्रजी शिकवताना मीही कितीतरी वर्षे तोच अर्थ धरून चाललो होतो, आणि त्याचा भुर्दंड एका विद्यार्थ्याला पडला.

नववीतला, वर्गात नेहमी पुढे असणारा तो मुलगा होता. मे महिन्याच्या सुटीत मी त्याला माझ्या कपाटातली ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ दिली. चार्ल्स डिकन्सची ही कादंबरी १८६१ मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि तिच्या पहिल्याच प्रकरणात कबरस्तानात एक पळालेला कैदी लहान मुलाला पकडतो, तेव्हा हा मुलगा पुस्तक खाली ठेवणार नाही, अशी माझी खात्री होती. जूनमध्ये त्याने पुस्तक तपकिरी कागदाचे कव्हर घालून परत केले. अकराव्या पानापर्यंत ओळीओळीच्या वर पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरांत मराठी अर्थ लिहिलेले होते आणि त्यापुढची पाने कोरी होती. पुस्तक अवघड आहे, असे तो म्हणाला नाही. ‘सर, माझं इंग्रजी कच्चं आहे,’ एवढेच म्हणाला. निवड चुकली होती माझी आणि दोष घेतला त्याने स्वतःकडे.

ज्यांची इंग्रजी ही मातृभाषा नाही अशा किशोरवयीन मुलांची खरी अडचण अशी असते, की त्यांचे मन आणि त्यांची इंग्रजी यांची वये जुळत नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलीला मैत्रीतला दुरावा, घरातली पैशांची ओढाताण, वडिलांचा हट्ट, अन्याय हे सारे कळते. मराठीत ती मोठ्यांच्या कादंबऱ्या वाचते. पण तिचा इंग्रजी शब्दसंग्रह इंग्लंडमधल्या सात-आठ वर्षांच्या मुलाएवढाही नसतो. शब्द बघून पुस्तक द्यावे, तर हाती सशाची गोष्ट येते आणि तिला तो अपमान वाटतो. वय बघून द्यावे, तर डिकन्स येतो. निवड करायची ती या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीत, म्हणजे भाषा साधी पण आशय वयाला शोभणारा, अशा पुस्तकांची.

भाषा ‘साधी’ म्हणजे किती साधी, याचे उत्तर आकड्यांत देता येते. न्यूझीलंडमधले भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पुष्कळ काम केले आहे. कोणाची मदत न घेता कथा-कादंबरी वाचून ती समजायची असेल, तर पानावरचे सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांत अनोळखी शब्द एक. मुळाबरहुकूम छापलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांत हे प्रमाण गाठायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे माहीत असावी लागतात, असे नेशन यांनी २००६ मध्ये दाखवून दिले. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची सारी रूपे मिळून एक. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे खरे, पण पाठ्यपुस्तकांच्या बळावर दहावीपर्यंत कोणी या आकड्याच्या आसपासही जात नाही.

पन्नासात एक हा हिशेब कानाला कसा जाणवतो, ते ऐका. समजा, सोलापूरबाहेरच्या, कधी माग न पाहिलेल्या मुलाला मी हे वाक्य वाचून दाखवले : ‘ताणा फणीतून ओवून, कांडी धोट्यात बसवून आजोबांनी बाणा टाकायला सुरुवात केली.’ मराठी मुलगा असूनही त्याच्या हाती आजोबांपलीकडे फारसे काही लागणार नाही. आता दुसरे वाक्य ऐका : ‘चादर विणताना मागावरचा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे इतक्या वेगाने पळायचा, की आम्हां मुलांना तो दिसायचाच नाही.’ इथेही धोटा त्याला नवाच आहे, पण विणताना दोन टोकांमध्ये धावणारी ही एखादी वस्तू असणार, हे त्याला शब्दकोश न उघडता कळते. असा शब्द एकदा वाचून पक्का होत नाही. आणखी पाच-सात ठिकाणी भेटला, की मग तो आपला होतो. पहिल्या वाक्यात मात्र अनोळखी शब्दाला टेकायला दुसरा शब्दच उरत नाही. माझ्या विद्यार्थ्याने अकरा पाने अशाच वाक्यांशी झुंज दिली होती.

यावर पहिला पद्धतशीर तोडगा निघाला तो इंग्लंडमध्ये नव्हे, अखंड बंगालातल्या ढाक्याला. मायकेल वेस्ट हे शिक्षणाधिकारी १९२० च्या दशकात तिथे काम करत होते. आपल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज अधिक आहे, आणि वाचनाच्या पुस्तकांत दुर्मिळ शब्दांची दाटी झाली आहे, हे त्यांनी ओळखले. दुर्मिळ शब्दांच्या जागी नेहमीचे शब्द घालून आणि नव्या शब्दांत पुरेसे अंतर राखून त्यांनी वाचनमाला तयार केली, आणि १९५३ मध्ये सुमारे दोन हजार उपयुक्त इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. आज ज्यांना ‘ग्रेडेड रीडर’ म्हणतात, ती पायऱ्यापायऱ्यांची पुस्तके याच वाटेने आली. उदाहरणार्थ, ऑक्सफर्डच्या बुकवर्म्स मालेत पहिल्या पायरीच्या पुस्तकासाठी ४०० मूळ शब्द पुरतात, तर सहाव्या पायरीला २५०० लागतात.

मात्र पदपथावर स्वस्तात मिळणारी ‘संक्षिप्त’ अभिजात पुस्तके म्हणजे ग्रेडेड रीडर नव्हेत. संक्षेप करणारा बहुतेक वेळा परिच्छेद कापतो, शब्द तसेच ठेवतो. त्यामुळे पुस्तक बारीक होते पण सोपे होत नाही, उलट मधले दुवे गळल्यामुळे अधिकच दुर्बोध होते. जाडी हा मुळातच फसवा निकष आहे. अर्नेस्ट हेमिंग्वेची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ सव्वाशे पानांच्या आसपास संपते आणि तिची वाक्ये सुटसुटीत आहेत, म्हणून आम्ही शिक्षक ती सर्रास सुचवतो. पण म्हातारा, मासा आणि समुद्र एवढ्यावर, शिवाय मासेमारीच्या शब्दांतून वाट काढत, टिकून राहणारा चौदा वर्षांचा वाचक मला क्वचितच भेटला आहे.

मग मुलांनी खरोखर शेवटपर्यंत वाचली अशी पुस्तके कोणती? अनिता देसाई यांची ‘द व्हिलेज बाय द सी’ हे नाव मी सगळ्यात आधी घेईन. १९८२ मधली ही कादंबरी अलिबागजवळच्या थळ गावात घडते. वडील दारूच्या आहारी गेलेले, आई अंथरुणाला खिळलेली, आणि घराचा भार तेरा वर्षांची लीला व बारा वर्षांचा हरी यांच्या अंगावर. हरी मुंबईला पळतो, एका खानावळीत राबतो, शेजारच्या घड्याळजीकडून घड्याळे दुरुस्त करायला शिकतो. आपल्या मुलांपैकी पुष्कळांनी थळचा समुद्र पाहिलेला नसतो, पण पोळ्या लाटणारी खानावळ, कर्ज आणि पोटापाण्यासाठी मुंबई गाठणे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. प्रसंग ओळखीचा असला, की अनोळखी शब्द अर्धा उलगडलेलाच असतो. आर. के. नारायण यांच्या १९३५ मधल्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’चेही तेच : शाळा, परीक्षेची धास्ती, क्रिकेटचा संघ, आणि वडिलांपुढे उडणारी तारांबळ.

याचा अर्थ परदेशी कादंबरी नकोच, असा मुळीच नाही. लुईस सॅकर या अमेरिकन लेखकाची १९९८ मधली ‘होल्स’ आमच्याकडच्या मुलांना विलक्षण आवडते, याचे मला आधी आश्चर्य वाटले होते. न केलेल्या चोरीसाठी एका मुलाला रखरखीत माळावरच्या शिबिरात धाडतात, आणि तिथे रोज पाच फूट खोल, पाच फूट रुंद खड्डा खणायची शिक्षा असते. शिबिराच्या नावात हिरवे तळे आहे, प्रत्यक्षात तळे केव्हाच आटले आहे. मे महिन्यात हिप्परग्याच्या तलावाची भेगाळलेली कड पाहिलेल्या मुलाला टेक्ससचा तो माळ परका वाटत नाही. वाक्ये आखूड, प्रकरणे दोन-चार पानांची, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पुढचे पान उलटायला लावणारे काहीतरी. आखूड प्रकरणांचा फायदा लहान समजू नये. शिकवणीहून रात्री नऊला घरी आलेले मूल झोपण्यापूर्वी एक प्रकरण ‘संपवू’ शकते.

टाळायचे काय, तर बोलीभाषेत लिहिलेली पुस्तके. मार्क ट्वेनचा हकलबेरी फिन कितीही मोठा असला, तरी त्यातले इंग्रजी कानाला ऐकू येईल तसे लिहिलेले आहे. पुस्तकातून मराठी शिकलेल्या पाहुण्याच्या हातात माणदेशी बोलीतली कथा ठेवावी, तसा हा प्रकार होतो. हॅरी पॉटरविषयी पालक फार विचारतात. त्यातले जादूचे शब्द लेखिकेने स्वतः घडवलेले आहेत, तेव्हा त्यांच्यापुढे लंडनचे मूल आणि आपले मूल सारखेच अडाणी असते. चित्रपट पाहिलेला असेल आणि मुलाला ओढ असेल, तर पहिला भाग खुशाल द्यावा. ओढ असली, की पंचाण्णव टक्केच शब्द ओळखीचे असले तरी मूल तगून राहते. प्रेमप्रकरण, शिवीगाळ यांची धास्ती असेल, तर पालकांनी पुस्तक आधी स्वतः वाचावे. दुसरा मार्ग नाही.

बारावीच्या इंग्रजी युवकभारतीत कादंबरी या साहित्यप्रकाराला स्वतंत्र विभाग दिला आहे आणि त्यात ‘द साइन ऑफ फोर’ या शेरलॉक होम्सच्या कादंबरीचा अंश आहे. तो आवडला म्हणून शेरलॉक होम्स मागणाऱ्या मुलांना मी आधी त्याच्या लघुकथा देतो. एका बैठकीत उकल होते आणि घोडागाडीपासून गॅसच्या दिव्यापर्यंतचे जुने शब्द प्रत्येक कथेत पुन्हा पुन्हा भेटत राहतात.

आपल्या शहरातल्या मुलांजवळ एक भांडवल आहे, त्याची आपण दखल घेत नाही. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या घरांत कन्नड. शाळेत मराठी, गल्लीत हिंदी किंवा दखनी. एखादा शब्द अडला तरी न थांबता बोलण्याचा रोख पकडायची सवय या मुलांना खेळतानाच लागलेली असते. पुस्तक हाती आले, की मात्र आपणच त्यांना शब्दकोश घेऊन बसवतो आणि ती सवय मोडतो. एका प्रकरणात, ज्यावाचून गोष्टच अडली आहे असे फार तर तीन शब्द शोधावेत, बाकीचे सोडून द्यावेत. आणि पन्नास पानांत मन रमले नाही, तर पुस्तकही सोडून द्यावे, त्यासाठी रागावू नये.

पुस्तक घेण्यापूर्वी ते मधोमध उघडावे, कारण पहिले पान पुष्कळदा उगाच अवघड असते. मुलाने एक पान मनात वाचावे आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे. पानावर अडीचशे-तीनशे शब्द असतात. एका हाताची बोटे पुरली, तर पन्नासात एक हे प्रमाण आपोआप जमले. त्या मुलाने परत केलेली ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ अजून माझ्याकडे आहे, तपकिरी कव्हरासकट. पालक भेटायला आले, की मी तिचे बारावे पान त्यांच्यापुढे ठेवतो आणि बोटे मिटायला सांगतो. पान निम्मे होण्याआधीच बहुतेकांना दुसरा हात पुढे करावा लागतो.