७९२ किलोहर्ट्झवरचं पुणं

सोलापूर रोडनं हडपसरकडं निघालात की बसमध्ये कंडक्टर ओरडतो, "चला, आकाशवाणीऽऽ!" नवा माणूस उतरतो आणि बघतच राहतो, कारण इथं ना स्टुडिओ ना कुणी गाणारं. स्टुडिओ तिकडं शिवाजीनगरला. बोलायचं तिथं, आणि आवाज हवेत सुटायचा तो इथल्या मनोऱ्यावरून.

आता हा उद्योग कशाला, तर मीडियम वेव्ह नावाच्या रेडिओ लहरी असतात लांबलचक. पुणे केंद्राची ३७८.८ मीटर, म्हणजेच ७९२ किलोहर्ट्झ. एवढ्या लांब लहरीला उंच मनोरा लागतो, खरं तर तो मनोराच अँटेना, शिवाय त्याच्या बुडाशी जमिनीत चहूकडं तांब्याच्या तारा पुरायच्या, एवढी मोकळी जागा भर शहरात कोण देणार?

केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. आणि दीडच वर्षात, १ एप्रिल १९५५, रामनवमी, वार शुक्रवार, गीतरामायण लागलं! शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या आणि दोघांच्या मागं लागून हे घडवून आणणारे केंद्रावरचे सीताकांत लाड. दर आठवड्याला एक कोरं करकरीत गाणं द्यायचं, तेही सलग वर्षभर, विचार करा जरा. त्यात त्या वर्षी नेमका अधिक महिना आला, म्हणून ५२ च्या जागी गाणी झाली ५६. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे असे एकेक गळे. रेडिओ तेव्हा मोजक्या घरी, त्याचंही लायसन्स काढावं लागायचं, त्यामुळं ज्याच्याकडं सेट त्याच्या ओटीवर अख्खी आळी गोळा, आणि लोक चक्क रेडिओला हार घालायचे.

गदिमांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर तर नोकरीलाच इथं होते, ग्रामीण कार्यक्रम बघायचे. म्हणजे एका घरातले दोघं, एकाच मनोऱ्यावरून.

आमच्या घरी या मनोऱ्याचा मान सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी. प्रादेशिक बातम्या. आजी स्वयंपाकघरातून ओरडणार, "तो मिक्सर बंद कर गं, बातम्या लागल्यात!" कारण एएमचं, म्हणजे या मीडियम वेव्हवरच्या प्रसारणाचं दुखणंच ते, मिक्सर लावा, ट्यूब फडफडू दे, लगेच खरखर. मग ट्रान्झिस्टर आडवा करा, खिडकीत ठेवा, थोडा फिरवा. आत फेराइटची काळी कांडी असते, तीच सेटची अँटेना, ती बरोब्बर दिशेला आली की आवाज एकदम मोकळा, फिरवणाऱ्याला मात्र यातलं काही माहिती नसायचं. काटा ८ च्या, म्हणजे ८०० किलोहर्ट्झच्या, किंचित अलीकडं, आजोबांनी तिथं काचेवर बॉलपेननं रेघ मारून ठेवली होती, पुसायची नाही कुणी.

सेट कधीचाच बंद पडलाय. रेघ आहे अजून, हे बघा.